मोहरीच्या वाटीतला व्हॉल्व्ह

आमच्या व्याह्यांइतका सावध माणूस लखनौतच काय, उभ्या उत्तर प्रदेशात सापडायचा नाही, आणि हे मी त्यांच्या पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर सांगितलेलं आहे. ते रागावले नाहीत. "उत्तर प्रदेश फार मोठा आहे ताई, नीट तपासल्याशिवाय असं बोलू नये," एवढंच म्हणाले. मी मूळची साताऱ्याची, ते मिरजेचे. मी नोकरीसाठी इथल्या एका वनस्पती संशोधनाच्या संस्थेत आले, ते हवाई दलात विमानं तपासणारे, बदली होऊन इथल्या बख्शी का तालाबच्या तळावर आले, आणि दोघांचीही मुलं इथंच वाढून, एकमेकांशी हिंदीत प्रेम करून मोकळी झाली. बोलणी करायला ते वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मुलगी किती शिकली, स्वयंपाक येतो का, असला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. आत कुकर लावलेला होता. दोन शिट्ट्या झाल्या आणि तिसरी काही होईना. तशी हे गृहस्थ पोह्यांची बशी खाली ठेवून उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "शिट्टी अडकतेय तुमची. रिंग आणि शिट्टी दोन्ही बदला. मुलगी पसंत आहे." माझी लेक आतून खुदकन हसली, आणि मी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं शिट्टी बदलली. जुनीत खरोखरच डाळीचं साल अडकलेलं होतं.

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट दोन. पँटला पट्टा, आणि वर गॅलिसही. दोन्ही मनगटांवर घड्याळं. उशाशी दोन गजर, एक पाचचा आणि एक पाच वाजून दोन मिनिटांचा. "पहिला वाजला नाही तर दुसरा," असं त्यांचं शास्त्र. मी विचारलं, "आणि पहिला वाजला तर?" तर म्हणे, "मग दुसरा बंद करायला मी जागा असतोच." काय बोलणार यावर! कुणाच्या लग्नाला गेले की आधी मांडवाला बाहेर पडायच्या वाटा किती ते मोजणार, मग तंदूरवाल्याला चार गोष्टी सुनावणार, आणि मग नवरानवरीकडे वळणार. रायबरेली रोड ओलांडायचा म्हणजे तर ग्रहणाचे वेध पाळल्यासारखं. एकदा तेलीबागच्या चौकात त्यांनी मला वीस मिनिटं उभं केलं. "आता नको, तो टेम्पो बघा. आता नको, तो बैल विचारात आहे." शेवटी पलीकडच्या चाटवाल्यालाच आमची दया आली. गाडा सोडून तो अलीकडे आला, दोघांचे हात धरून म्हणाला, "आइए अंकल जी, आंटी जी, हम ले चलते हैं." पलीकडे पोचल्यावर माणूस आभार मानतो. आमचे व्याही त्याच्यावरच घसरले, "पेटती शेगडी सोडून आलात तुम्ही? अशी सोडतात?" त्या बिचाऱ्यानं पुढचे चार दिवस मला बघितलं की मान फिरवली.

आता असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? बागकाम करील, सकाळी फिरायला जाईल, फार तर पेटी शिकेल. यांनी काय करावं? वाफेचं इंजिन! खेळण्यातलं नव्हे हं. पाच इंच अंतरावरच्या दोन रुळांवर धावणारं, कोळसा खाणारं, पाणी पिणारं, मागे ट्रॉली जोडली तर मोठ्या माणसाला बसवून ओढून नेईल असं खरंखुरं इंजिन, फक्त उंचीला गुडघ्याएवढं. तेलीबागच्या त्यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये स्कूटर बाहेर गेली आणि लेथ आत आलं. तांब्याचा बॉयलर त्यांनी याहियागंजच्या एका म्हाताऱ्या ठठेऱ्याकडून, म्हणजे तांबटाकडून, वाकवून घेतला. त्यानं आयुष्यभर बिर्याणीचे देग घडवलेले. तो विचारी, "साहब, इसमें पकेगा क्या?" हे म्हणाले, "पानी." "बस, पानी?" असं म्हणून म्हातारा जो हळहळला, तो बॉयलर न्यायला गेलो त्या दिवशीही हळहळतच होता. अकरा वर्षं हे काम चाललं. चाकं झाली, चिमणी झाली, घराभोवती रूळ झाले. पेरूच्या झाडाला वळसा, धुण्याच्या दगडामागून पुढे, पाण्याच्या टाकीपाशी चढ, असा साग्रसंगीत मार्ग. वहिनींच्या तुळशीला मात्र त्यांनी जागचं हलवलं नाही, रूळच वाकवले. बॉयलरमध्ये पाणी दाबून दुप्पट दाबाची परीक्षा घेतली, ती अर्थातच दोनदा. सगळं उत्तम. आणि मग गाडी अडली ती सेफ्टी व्हॉल्व्हपाशी, आणि त्या अकरातली पाच वर्षं तिथंच अडून बसली.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे कुकरच्या शिट्टीचा थोरला भाऊ. बॉयलरमधली वाफ ठरलेल्या दाबापुढे गेली की त्यानं उघडायचं, जास्तीची वाफ सोडायची आणि दाब उतरला की आपलं आपण मिटायचं. कुकरवर नुसतं वजन ठेवून भागतं, धावत्या गाडीवर ते वजन हादऱ्यानं नाचेल, म्हणून तिथं स्प्रिंग लागते. एवढं साधं. पण हे निवडायला बसले! कुठलातरी विलायतेहून मागवला, कुठला बंगळुरूच्या एका छंदिष्टाकडून, बाकीचे स्वतः लेथवर घडवले. आणि ते ठेवायचे कशात? तर वहिनींच्या मसाल्याच्या डब्यात, कारण त्यात सात वाट्या असतात आणि घट्ट झाकण असतं. जिऱ्याच्या वाटीत एक, हळदीच्या वाटीत एक, मोहरीच्या वाटीत जोडी. वहिनी वर्षानुवर्षं कागदाच्या पुड्यांतून फोडणी घालत होत्या. एकदा मी म्हटलं, "वहिनी, दुसरा डबा का नाही घेत?" त्या म्हणाल्या, "घेतला होता. त्यात नट आहेत."

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह चालवला. रोपांच्या बाटल्या वाफेनं निर्जंतुक करायचा तो दांडगा कुकरच. त्यामुळे या विषयात अवघ्या नातेवाइकांत एकट्या माझ्या शब्दाला वजन होतं. आठवड्यातून एकदा तरी फोन यायचा. "ताई, तुमच्या ऑटोक्लेव्हचा व्हॉल्व्ह उघडला की तुम्ही काय करत होता?" मी म्हणे, "चहा पीत होते."

सातवा व्हॉल्व्ह त्यांनी बसवला तेव्हा आम्हा सगळ्यांना आमंत्रण होतं. सहा नापास झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता असा व्हॉल्व्ह करायचा की धोक्याचं नावच नको. त्याचं भोक एवढं मोठं की त्यातून बोर आरपार जावं. आग पेटली, दाबमापकाची सुई चढली, लाल रेघेला टेकली, आणि सातवा असा उघडला की काय सांगू! वाफ तर गेलीच, तिच्यामागून निम्मं उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं, दोरीवरच्या दोन चादरी भिजल्या, आणि मिनिटाभरात सुई शून्यावर येऊन पडली. इंजिन जागचं तसूभर हललं नव्हतं. व्याह्यांचा चेहरा उजळला. "बघितलंत?" ते म्हणाले, "काही झालं नाही!" वहिनी चादरी पिळत म्हणाल्या, "तेच तर म्हणतेय मी. काहीच झालं नाही."

आम्ही हसलो खरे, पण वहिनींच्या आवाजात काहीतरी होतं ते मला तेव्हा लागलं. या गाडीवर पहिल्यांदा बसायचं ते त्यांनी, असं अकरा वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं. ट्रॉलीसाठी त्यांनी जुन्या इरकलीची गादी शिवून ठेवली होती. ती कपाटातून काढायच्या, ऊन दाखवायच्या, पुन्हा ठेवायच्या. आणि आता दिवस संपत आले होते. वहिनींचे गुडघे गेले होते, त्यांची पुण्याची लेक इकडेच या म्हणून हट्टाला पेटली होती, आणि शेवटी तेलीबागचं घर विकायचं ठरलं. होळी झाली की घराचा ताबा द्यायचा आणि पुण्यात पाचव्या मजल्यावर राहायला जायचं. तिथं लिफ्ट आहे, दवाखाना आहे, सगळं आहे, रूळ टाकायला अंगण तेवढं नाही. म्हणजे होळीपर्यंत गाडी चालली तर चालली, नाहीतर कायमची राहिली.

होळीला तीन आठवडे होते तेव्हा वहिनींचा फोन आला. एरवी त्या बोलायला लागल्या की मला पोळ्या लाटून होतात. त्या दिवशी म्हणाल्या, "ताई, जमलं तर या. काचवाला माप घ्यायला आलाय." मी ई-रिक्षा करून गेले. गॅरेजमध्ये काचवाला टेप धरून इंजिनाची लांबी मोजत होता आणि व्याही त्याला सांगत होते की काच दुहेरी हवी. "पुण्याला दिवाणखान्यात ठेवू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "काचेच्या पेटीत अगदी सुरक्षित राहील." वहिनी दारात उभ्या होत्या. हातात ती इरकलीची गादी होती.

माझं डोकं फिरलं. मला राग यायला वेळ लागत नाही हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, "भाऊसाहेब, आधी मला ते रजिस्टर दाखवा." त्यांचं एक रजिस्टर होतं, विमानांचं ठेवत असत तसं. तारीख, काम, दोष, सही. प्रत्येक व्हॉल्व्हची कुंडली त्यात, मोत्यासारख्या अक्षरात. मी चष्मा चढवून वाचायला लागले. पहिला : थेंब थेंब गळतो. ठीक, गळका नकोच. दुसरा : स्प्रिंग गंजली. तेही बरोबर. तिसरा : मोठ्या आवाजासह उघडतो, शेजारच्या आजोबांच्या हातून चहा सांडला. बरं. मग चौथं पान, मोहरीच्या वाटीतली जोडी. "आग पूर्ण. वाफेच्या सर्व वाटा बंद. सुई लाल रेघेवर, पहिला उघडला. सुई पुढे सरकली नाही. दुसऱ्याची गरज पडली नाही. आग कमी करताच पहिला आपोआप मिटला." वाचता वाचता मी सरळ बसले. कारण व्हॉल्व्ह निवडायचा तो असाच निवडतात. बॉयलरची आग जास्तीत जास्त जेवढी वाफ करील तेवढी त्यानं सोडली पाहिजे, सुई पुढे जाता कामा नये, आणि काम झालं की मिटलं पाहिजे. त्याहून लहान धोक्याचा, त्याहून मोठा चादरी भिजवणारा. ही जोडी अगदी मापात होती. आणि शेजारी दोषाच्या रकान्यात, ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून, लिहिलं होतं : "उघडला." पाचवं पान, दोष : उघडला. सहावं पान, दोष : उघडला, आग काढून टाकली.

"भाऊसाहेब, हे दोष म्हणून काय लिहिलंय?"

"उघडला तो."

"मग?"

"मग काय ताई? वाफ बाहेर आली."

"अहो देवमाणसा, त्याच्यासाठीच तर बसवतात त्याला!"

ते रजिस्टरकडे बघत राहिले. काचवाल्यानं टेप सर्रकन आत घेतली. मग हळू आवाजात ते म्हणाले, "पस्तीस वर्षं, ताई, ज्यातून काही बाहेर आलं, तेल येवो, हवा येवो, ते मी नापास केलं. विमान जमिनीवर ठेवलं. माझी सही झाली की माणसं वर जायची, आणि ती खाली उतरेपर्यंत मला घास जायचा नाही. आता हिला बसवायचं. पुढं हातभर अंतरावर उकळता बॉयलर, आणि मी सही करायची!" इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

वहिनी मात्र पुढे आल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्षं कुकर लावतेय मी. शिट्टी झाली म्हणून कधी घाबरले का? होत नाही तेव्हा घाबरते. आणि हे तुम्हाला कळत नाही म्हणता? यांच्या घरी पहिल्याच दिवशी पोहे टाकून उठलात, ते शिट्टी झाली म्हणून उठलात, की झाली नाही म्हणून?"

व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. दुसरा चष्मा लावला. मग लेखणी काढून चौथ्या पानावरचा दोष एका सरळ रेघेनं खोडला आणि खाली सही केली. काचवाल्यानं चाचरत विचारलं, "तो अंकल जी, शीशा बनाना है कि नहीं?" उत्तर वहिनींनी दिलं, "बनाओ भैया. अचार की बरनियाँ रखेंगे."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे जमलो. फाल्गुनातलं मऊ ऊन होतं. समोरच्या प्रेसवाल्या भैयानं इस्त्रीतले फुललेले निखारे पाटीतून आणून दिले, त्यावर कोळसा पडला, आणि मोहरीच्या वाटीतली जोडी बॉयलरच्या डोक्यावर उन्हात चमकू लागली. एक लाल रेघेवर उघडणारा, दुसरा रेघेच्या जरासा पुढे, अगदी त्या दोन गजरांसारखे. व्याह्यांनी पाणी तपासलं, पुन्हा तपासलं, मग मला तपासायला लावलं. वहिनी दोन जणांच्या आधारानं इरकलीच्या गादीवर बसल्या, गुडघे एका अंगाला घेऊन, अंगावर स्वेटर, पदर खोचलेला. सुई चढत गेली. रेघेला टेकली. आणि पहिला व्हॉल्व्ह उघडला. फुस्स करून वाफेचा पांढरा तुरा उभा राहिला आणि व्याह्यांचा हात जो झपकन आगीच्या दाराकडे गेला! जावई, म्हणजे त्यांचाच मुलगा, ओरडला, "पापा, हाथ पीछे!" वहिनी ओरडल्या नाहीत. मागून नुसतं म्हणाल्या, "उडू द्या की जरा."

त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशांत घातले. मुठी खिशात वळलेल्या मला दिसत होत्या. सुई जागची हलली नाही. मग हात खिशातून काढून ते इंजिनामागे बसले, बेतानं दांडा ओढला, वाफ चाकांकडे वळली, चाकं पहिल्यांदा जागच्या जागी गरगरली, मग धरली, आणि गाडी निघाली. निघाल्या निघाल्या टप् असा बारीक आवाज झाला. व्हॉल्व्ह आपला आपण मिटला होता. मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले, पण त्या टप् इतका शहाणा आवाज ऐकला नाही. पेरूला वळसा घालून, धुण्याच्या दगडामागून, टाकीचा चढ धापा टाकत चढून गाडी तुळशीपाशी आली, तेव्हा वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भिंतीवरून शेजारचे आजोबा ओरडले, "अरे वाह भाई साहब, चल गई!" व्याह्यांना ते ऐकूच आलं नाही. इंजिनामागच्या बैठकीवर पाय दुमडून बसलेला तो माणूस सारखा मागे वळून बायकोकडे बघत होता, आणि त्या पुढे बघा, पुढे बघा म्हणून खुणावत होत्या. नऊ फेऱ्या झाल्या. होळीपर्यंत रोज झाल्या.

आता ते पुण्याला असतात. चालतं इंजिन काचेत कोंडायला नेणं आता त्यांनाच पटेना. ते, रुळांसकट, आमच्या घरामागच्या पट्टीत आलं आहे. माझ्यासारख्या तापट बाईच्या हाती त्यांनी बॉयलर दिला, यातच सगळं आलं. जाताना तीन दिवस मला शिकवलं, चौथ्या दिवशी परीक्षा घेतली आणि पाचव्या दिवशी तीच पुन्हा घेतली. मसाल्याचा डबा धुऊनपुसून वहिनींबरोबर गेला. मोहरीच्या वाटीत आता मोहरी आहे, असं त्यांनी मुद्दाम कळवलं. आमच्या अंगणातही तेच ऊन पडतं, पण तेलीबागकडून जाताना मी त्या गल्लीत वळत नाही. काय करणार, करमत नाही.

रविवारी सकाळी जावई कोळसा टाकतो आणि मी दांड्याशी बसते. सुई रेघेला टेकली की पुण्याहून फोन येतो, एकदाही चुकलेला नाही.

"उघडला का?" ते विचारतात.

"उघडला, भाऊसाहेब."

"ऐकवा."

मी फोन वाफेपासून हातभर अंतरावर धरते. फुस्स चालू असतं. पाचव्या मजल्यावर दोघं कान लावून बसलेली असतात, हे मला इथून दिसतं. मग टप् होतं, आणि फोनमधून वहिनींचा आवाज येतो, "मिटला हो, ऐकलंत ना? चला, आता पोहे खा."